दुखत नाही, पण रक्त येतं

वाचकांचे प्रश्न, दातांच्या डॉक्टरांची उत्तरं

14 नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन. इन्सुलिनच्या शोधात ज्यांचा मोठा वाटा होता त्या फ्रेडरिक बँटिंग यांचा हा जन्मदिवस. म्हणून या महिन्यात आलेल्या पत्रांतून मधुमेहाशी संबंध असलेली पत्रं तेवढी निवडली आहेत.

उत्तरांकडे वळण्याआधी माझ्या वडिलांबद्दल थोडं सांगते. ते पाटण तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. बावन्नाव्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला. त्यांनी पथ्य पाळलं, चहातली साखर सोडली, वर्षातून एकदा डोळे तपासून घेतले. रोज रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायचे. तोंडात मात्र कुणी डोकावलं नाही. मी तेव्हा दंतवैद्यक शिकत होते. सुट्टीत घरी आले की आई म्हणायची, "यांच्या उशीच्या अभ्र्यावर सकाळी रक्ताचे डाग असतात गं." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. जवळपास दोन वर्षं. शेवटी एकदा त्यांना खिडकीपाशी बसवून नीट पाहिलं, तेव्हा खालचे पुढचे चारही दात बोटानं हलत होते. उसाचं कांडं दातानं सोलून खाणारा माणूस साठीच्या आत कवळीवर आला. कराडला दवाखाना काढून आता 27 वर्षं झाली. मधुमेहाचा प्रत्येक पेशंट खुर्चीत बसला की मला तो अभ्रा दिसतो. आता पहिलं पत्र.

माझ्या आईचं वय 61 आहे. नऊ वर्षांपासून शुगर आहे. गेल्या महिन्यात तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 9.2 आली. दात घासताना रक्त येतं, खालचे समोरचे दात हलतात. दुखत मात्र काही नाही. दातांच्या डॉक्टरांनी सफाई करायला सांगितली आहे, पण शेजारच्या काकू म्हणतात की एकदा सफाई केली की दात सैल होतात. आई तीस वर्षांपासून मिश्री लावते. मिश्रीमुळेच हिरड्या घट्ट राहिल्या असं तिचं म्हणणं आहे. काय करावं?
— एक वाचक भगिनी, मसूर

ताई, 'दुखत मात्र काही नाही' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. दाढ किडली तर माणूस रात्री उठून बसतो आणि सकाळी गालाला हात लावून दवाखान्याच्या पायरीवर हजर असतो. हिरड्यांच्या आजारात ठणका नसतो. तो वर्षानुवर्षं दाताभोवतीचं हाड मुकाट्यानं खातो आणि दात हलायला लागल्यावरच माणसाला कळतं. त्याआधी तो एकच निरोप देतो, तो म्हणजे रक्त. निरोगी हिरडीतून ब्रश लागला म्हणून रोज रक्त येत नाही.

आईंच्या पायाला जखम झाली असती आणि ती दोन वर्षं भरली नसती, तर तुम्ही स्वस्थ बसला असता का? हिरड्या खराब झाल्या की प्रत्येक दाताभोवती आतल्या बाजूला असाच एक ओला व्रण असतो. दिसत नाही एवढंच. सगळ्या दातांभोवतीचे हे व्रण एका जागी पसरले तर आजार वाढलेल्या माणसात ते साधारण एका काडेपेटीएवढे भरतात. मधुमेह असलेल्या बाईच्या अंगावर एवढी उघडी जखम रात्रंदिवस राहते आणि त्यात जंतू मुरलेले असतात.

ही जखम आणि साखर एकमेकींना वाढवतात. साखर चढलेली राहिली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि हिरडीचे झिजलेले तंतू पुन्हा लवकर भरून येत नाहीत. उलट बाजूनं, हिरडीतली ही सूज रक्तात असे पदार्थ सोडत राहते की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. गोळ्या चालू आहेत, भात सोडला आहे, आणि तरी साखर उतरत नाही, असं सांगणाऱ्या माणसाच्या तोंडात एकदा पाहावं. मूळचे नॉर्वेचे दंतशास्त्रज्ञ हॅराल्ड लो यांनी 1993 साली हिरड्यांच्या या आजाराला मधुमेहाची सहावी गुंतागुंत म्हटलं. डोळे, मूत्रपिंड, नसा, मोठ्या रक्तवाहिन्या आणि न भरणाऱ्या जखमा या पाच आधीपासून माहीत होत्या. आज तीस वर्षं उलटून गेली तरी पाचांची तपासणी लिहून दिली जाते आणि सहावी राहून जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता काकूंचं म्हणणं. सफाईनं दात सैल होत नाहीत. झालेलं असतं ते असं: वाळवीनं भिंत आतून पोखरलेली असते आणि वरच्या गिलाव्यानं ती उभी दिसते. दातांवर साचून दगडासारखं झालेलं किटण म्हणजे तो गिलावा. हाड आधीच गेलेलं असतं, आणि हलणारे दात किटणानं एकमेकांना चिकटलेले असतात. किटण काढलं की खरी परिस्थिती उघडी पडते, आणि दोष सफाईला लागतो. सूज उतरल्यावर दातांच्या मध्ये फटी दिसतात, काही दिवस गार पाणी लागलं की दात शिवशिवतात. हे आईंना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या घाबरणार नाहीत.

डॉक्टरांकडे गेल्यावर एक गोष्ट आवर्जून मागा. आमच्याकडे मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई असते. दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत ती अलगद घालून खोली मोजतात. निरोगी हिरडीत ती 1 ते 3 मिलिमीटर उतरते. 4 आणि त्यापुढे गेली की तिथे आजारानं कप्पा केला आहे असं समजायचं. प्रत्येक दाताचं हे माप कागदावर लिहून घ्या. साखरेचे आकडे जपून ठेवता तसाच हा कागद फाइलमध्ये राहू द्या. आईंना वरवरची सफाई पुरणार नाही, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. हिरडी बधिर करून मुळांपर्यंतची सफाई लागेल, आणि ती दोन-चार बैठकांत होईल. त्यानंतर तीन महिन्यांनी सळईचं माप पुन्हा घ्यायचं, आणि त्याच सुमारास तीन महिन्यांची साखरही तपासायची. असे उपचार नीट झाले तर तीन-चार महिन्यांत हा आकडा सरासरी 0.4 नं उतरतो, असं बऱ्याच अभ्यासांतून पुढे आलं आहे. म्हणजे 9.2 चे 8.8. आकडा लहान वाटेल, पण तो आधीच्या औषधांवर मिळणारा फायदा आहे. गोळ्या मात्र तशाच चालू ठेवायच्या.

खालचे हलणारे दात वाचतील का, हे पाहिल्याशिवाय सांगणं बरोबर नाही. थोडे हलत असतील तर सूज उतरल्यावर बरेचदा घट्ट होतात, काही वेळा मागून बारीक तारेनं बांधून ठेवता येतात. एखादा जाईलही.

आणि मिश्री. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली तरी ती तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसून टाकतं, म्हणून रक्त कमी येतं आणि हिरडी घट्ट वाटते. आजार आत चालूच असतो. आईंच्या बाबतीत तर मिश्री लावूनही रक्त येतंय, यावरून आत किती सूज असेल याची कल्पना करा. मिश्री सोडल्यावर सुरुवातीला रक्त वाढल्यासारखं वाटेल. त्यानं बिथरून पुन्हा डबी उघडू देऊ नका. आमच्या भागातल्या बायका मला सांगतात की मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं. ते खरंच आहे, कारण ती सवय निकोटिनची आहे. दिवसातून चार वेळा लावत असतील तर आधी दुपारची, मग रात्रीची अशी कमी करत न्या. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा 1800-11-2356 हा मोफत फोन क्रमांक आहे, तिथे बोलता येतं. रागावून हे होणार नाही. शेजारच्या ज्या बायकांबरोबर सकाळी ओट्यावर बसून आई मिश्री लावतात, त्यांच्यातल्या एकीला तरी बरोबर घ्या. माझा अनुभव असा की दोघींनी मिळून सोडली की सुटते.

मी एसटीतून निवृत्त झालेला चालक आहे, वय 60. खालची उजवी दाढ काढायची आहे. दातांचे डॉक्टर म्हणाले, साखर 286 आहे, कमी करून या आणि फिजिशियनचं पत्र आणा. फिजिशियन म्हणाले, आधी दाढेचा पू काढून घ्या, त्याशिवाय साखर उतरणार नाही. या फेऱ्यांत दहा दिवस गेले. आता गाल सुजला आहे, अंगात कणकण आहे. हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू होती, दाढ काढायची म्हणून मीच बंद केली आहे.
— एक वाचक, उंब्रज

काका, तुमचं पत्र वाचल्यावर अंकाची वाट न पाहता संपादकांकरवी तुम्हाला निरोप पाठवला होता, तो मिळाला असेल. इथे लिहिते आहे ते असेच फेऱ्या मारणाऱ्या बाकीच्यांसाठी.

दोन्ही डॉक्टरांचं म्हणणं अर्धं अर्धं बरोबर आहे, आणि दोघं एकमेकांशी फोनवर पाच मिनिटं बोलले असते तर तुमचे दहा दिवस वाचले असते. दाढ काढणं हे दोन तऱ्हेचं असतं. एक सवडीचं: दाढ खराब आहे, पण सूज नाही, ताप नाही. तिथे साखर आटोक्यात आणून मग काढणं शहाणपणाचं. उपाशीपोटीची साखर 200 च्या वर असेल किंवा तीन महिन्यांची साखर 9 च्या पुढे असेल, तर असं काम मी स्वतः पुढे ढकलते आणि फिजिशियनना चिठ्ठी लिहून देते. दुसरं निकडीचं: पू झाला आहे, गाल सुजला आहे, ताप आहे. तिथे साखर उतरायची वाट पाहायची नाही, कारण साखर चढवणारा तो पूच असतो. पू काढून द्यायचा, योग्य ती औषधं सुरू करायची, आणि त्याच वेळी फिजिशियननी साखर सांभाळायची, गरज पडली तर थोडे दिवस इन्सुलिन देऊन. दोन्ही कामं एकदम चालली पाहिजेत.

सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, आवाज बदलला किंवा श्वास घ्यायला जड जायला लागला, तर दातांच्या दवाखान्यात न जाता सरळ मोठ्या रुग्णालयात जायचं. रात्र असली तरी. सकाळ होऊ द्यायची नाही. मधुमेह असलेल्या माणसात ही सूज काही तासांत श्वासनलिका दाबू शकते.

रक्त पातळ करायची गोळी मनानं बंद करणं हे मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाटलं. एक दाढ काढल्यावर येणारं रक्त कापसाचा बोळा दाबून, टाका घालून थांबवता येतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली तर तिथे बोळा दाबता येत नाही. या गोळीचा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांनीच घ्यायचा, आणि एका दाढेसाठी बहुतेक वेळा ते ती चालूच ठेवायला सांगतात.

दाढ काढायला जाताना बरेच मधुमेही उपाशी जातात. ऑपरेशन म्हणजे उपाशीपोटी, असं डोक्यात बसलेलं असतं. दाढेपुरती भूल द्यायची असेल तर उलट करा. सकाळची वेळ घ्या, नेहमीसारखा नाश्ता करा, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घ्या. गोळी घेऊन न खाता बाकावर दोन तास बसलेला माणूस घामानं थबथबतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. लोक त्याला भीती म्हणतात, पण ती साखर उतरल्याची लक्षणं असतात. 70 च्या खाली आकडा दिसला की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. साखर मोजायचं यंत्र घरी असेल तर बरोबर आणा.

दाढ काढल्यावर पहिले चोवीस तास जोरात चूळ भरायची नाही, थुंकत राहायचं नाही, तंबाखू तर नाहीच. खड्ड्यात बसलेली रक्ताची गाठ हेच तिथलं मलम असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका वाढला तर परत दाखवा, मधुमेहात जखम सावकाश भरते.

याच उत्तरात आणखी एक सांगून ठेवते. 2021 च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे रुग्ण मोठ्या संख्येनं आले. त्यातले बहुतेक साखर चढलेले होते, आणि अनेकांना स्टेरॉइड दिलेली होती. त्यातले काही जण आधी आमच्यासारख्यांकडे आले, कारण त्यांना वाटलं वरची दाढ हलते आहे. बऱ्याच जणांचा वरचा जबडा काढावा लागला. ती लाट ओसरली, पण ही बुरशी आधीही होती आणि आताही आहे. साखर चढलेली असताना वरच्या बाजूचे दोन-तीन दात अचानक हलायला लागले, एका बाजूचा गाल बधिर झाला, डोळा सुजला किंवा टाळूवर काळा डाग दिसला, तर त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

मधुमेह असलेल्यांनी कोणती पेस्ट आणि कोणता ब्रश वापरावा? आयुर्वेदिक मंजन चालेल का?
— एक वाचक, सोलापूर

मऊ केसांचा ब्रश आणि फ्लोराइड असलेली कोणतीही साधी पेस्ट. आपल्याकडच्या पेस्टमध्ये फ्लोराइड 1000 पीपीएमच्या आसपास असतं, तेवढं लागतं. नळीवर आयुर्वेदिक लिहिलं आहे की नाही यानं फरक पडत नाही, फ्लोराइड आहे की नाही ते वाचा. राखुंडी, कोळशाची पूड किंवा मीठ बोटानं घासू नका, दात झिजतात. रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं. आणि दातांमधल्या फटींसाठी बाटली धुवायच्या ब्रशसारखा दिसणारा एक चिमुकला ब्रश मिळतो, तो वापरा. मोठा ब्रश फटीत पोचत नाही, आणि मधुमेहात हिरड्या बहुधा तिथूनच बिघडायला लागतात.

वय 66, निवृत्त शिक्षिका. बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे. वर्षभरापासून जिभेची आग होते, तिखट अजिबात सहन होत नाही, आमटीसुद्धा धुऊन घेतल्यासारखी खाते. रात्री तोंड कोरडं पडून जाग येते. तीन वेळा 'तोंड आलंय' म्हणून जेल आणलं, बी-कॉम्प्लेक्स घेतलं. फरक नाही.
— एक वाचक भगिनी, पुणे

बाई, तुम्ही जेल लावणं थांबवा आणि रक्तातलं बी-12 तपासून घ्या. मेटफॉर्मिन फार चांगलं औषध आहे, पण वर्षानुवर्षं घेतल्यावर काही जणांत ते बी-12 शरीरात शोषू देत नाही. त्यातून माणूस शाकाहारी असेल तर तूट आणखी लवकर होते. जीभ लालभडक, गुळगुळीत होणं, आग होणं, पायांना मुंग्या येणं ही त्याची लक्षणं. मुंग्यांकडे शुगरचं म्हणून दुर्लक्ष होतं आणि जिभेकडे तोंड आलं म्हणून. तूट निघाली तर डॉक्टर इंजेक्शन किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या देतील. साध्या बी-कॉम्प्लेक्समधलं प्रमाण बहुतेक वेळा पुरत नाही. मेटफॉर्मिन स्वतःहून सोडू नका.

दुसरं, आरशासमोर उभं राहून जीभ, गालाची आतली बाजू आणि टाळू पाहा. दह्याच्या साईसारखे पांढरे चट्टे असतील आणि ते पुसले जात असतील तर ती बुरशी आहे. साखर चढलेली असताना ती सहज वाढते. तिला बुरशीचंच औषध लागतं, जेलनं ती जात नाही.

कोरडेपणाचं कारण साखर असू शकते, आणि गोळ्याही असू शकतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, ॲलर्जीची आणि झोपेची औषधं लाळ कमी करतात. तुमच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून फिजिशियनना दाखवा. लाळ ही दातांची पहिली राखण आहे. ती आटली की म्हातारपणी दातांच्या मुळांशी कीड लागते आणि एकेक दात हिरडीच्या रेषेवर मोडून पडतो. पाणी घोट घोट प्या. तोंड ओलं ठेवायला लिंबाची गोळी, खडीसाखर, पेपरमिंट चघळू नका, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण निवृत्त शिक्षकांच्या पर्समध्ये ती डबी असतेच. बिनसाखरेचं च्युइंगम किंवा नुसती बडीशेप चालेल.

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला टाइप 1 मधुमेह आहे. रात्री साखर उतरली की त्याला ग्लुकोज द्यावं लागतं, आणि मग तो तसाच झोपतो. दात किडतील का? त्याला उठवून ब्रश करायला लावायचं का?
— एक आई, इस्लामपूर

आधी लेकरू, मग दात. ग्लुकोज देताना दातांचा विचार मनात आणायचा नाही. फक्त द्रव रूपात द्या, पाण्यात ढवळून. चॉकलेट किंवा चिकट टॉफी देऊ नका. चॉकलेटमधल्या तुपटपणामुळे साखर सावकाश चढते आणि टॉफी दाढांच्या खाचांत बसते. साखर वर आली आणि तो पुरता शुद्धीवर असला की दोन घोट साधं पाणी तोंडात घोळवून प्यायला सांगा. झोपमोड करून ब्रश नको. तो पूर्ण जागा नसेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही, डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं इंजेक्शन द्यायचं आणि रुग्णालय गाठायचं.

सहाव्या-सातव्या वर्षी आलेल्या पक्क्या दाढांच्या खाचा एकदा बुजवून घ्या. दुखत नाही, भूल लागत नाही. दर सहा महिन्यांनी हिरड्या दाखवा, कारण टाइप 1 मध्ये हिरड्यांचा आजार शाळेच्या वयातही सुरू होऊ शकतो. आणि त्याच्या श्वासाला कधी पिकलेल्या फळासारखा वास आला, बरोबर उलटी किंवा पोटदुखी असली, तर तो दातांचा वास समजू नका. साखर मोजा आणि लगेच त्याच्या डॉक्टरांकडे न्या.

एवढं सगळं रात्री जागून करणाऱ्या आईला दातांची आठवण राहिली, याचं मला कौतुक वाटतं. मुलाला माझा आशीर्वाद सांगा.

शुगर आणि बीपी दोन्ही आहे. हिरड्या वाढून दातांवर आल्या आहेत, दात अर्धे झाकले गेलेत. हे शुगरमुळे का?
— एक वाचक, सांगली

बीपीच्या गोळीचं नाव पाहा. ॲम्लोडिपिन असेल तर काही जणांत त्या गोळीनं हिरड्या वाढतात, आणि किटण असेल तर जास्त वाढतात. गोळी बदलता येते, पण ते काम फिजिशियनचं. तुम्ही मध्ये एक दिवसही बीपीची गोळी चुकवायची नाही. सफाई मात्र आत्ताच करून घ्या. नुसत्या सफाईनंही हिरडी पुष्कळ बसते.

उसाचं कांडं चावून खाल्लं की दात स्वच्छ आणि मजबूत होतात असं आमचे आजोबा म्हणायचे. आता मला शुगर निघाली आहे. रानात गेलं की सवयीनं कांडं मोडलं जातं.
— एक शेतकरी वाचक, वाळवा तालुका

दादा, आजोबांच्या दातांना मजबुती दिली ती भाकरीनं, कच्च्या भाजीनं आणि दिवसभर काहीबाही न खाण्यानं. उसाचा चोथा दात घासल्यासारखा वाटतो, पण त्यातला रस दातांच्या फटीत तास न् तास राहतो. माझ्या वडिलांनी मधुमेह निघाल्यावर साखर सोडली आणि रानातला ऊस ठेवला. त्यांना तो गोड पदार्थ वाटतच नव्हता. एका कांड्यात किती रस असतो हे तुम्ही गुऱ्हाळावर पाहिलेलं आहे, मी वेगळं सांगायला नको. सवय हाताची आहे, तर खिशात भाजलेले हरभरे ठेवा.

सासऱ्यांचं वय 74, शुगर वीस वर्षांची. सगळे दात काढून कवळी बसवली आहे. आता दातच नाहीत म्हटल्यावर दातांच्या डॉक्टरांकडे जायची गरज उरली नाही ना? ते कवळी रात्रीही काढत नाहीत. म्हणतात, नातवंडांसमोर बोळकं तोंड नको.
— एक सूनबाई, कोरेगाव

वर्षातून एकदा तरी जायचंच. कवळीखालची हिरडी दिसत नाही, आणि मधुमेहात टोचल्याची जाणीवही कमी होऊ शकते. कवळी सैल होऊन एकाच जागी घासत राहिली की तिथे जखम होते आणि ती भरत नाही. तोंडातली कोणतीही जखम पंधरा दिवसांत भरली नाही तर दाखवलीच पाहिजे, तंबाखू खाल्लेल्या माणसानं तर आणखी लवकर.

रात्रंदिवस कवळी घालणाऱ्यांची टाळू लाल होते, ओठांच्या कोपऱ्यात चिरा पडतात. ती बुरशीच असते बहुधा. नातवंडांचं म्हणणं मला समजतं. वडील कवळी काढायचे ते दिवा मालवल्यावर, आणि सकाळी आम्ही उठायच्या आत लावून बसलेले असायचे. सासऱ्यांनाही तसंच करू द्या. झोपताना कवळी काढून मऊ ब्रशनं आणि साध्या साबणानं घासायची. गरम पाणी नको, कवळी वाकडी होते. हिरड्या आणि जीभ ओल्या फडक्यानं पुसायच्या. मग कवळी झाकणाच्या डब्यात गार पाण्यात ठेवायची आणि डबा त्यांच्या उशाशी, हात पोचेल असा.